१६ नंबरच्या जर्सीचं काय करायचं?

काल कोजागिरीचं दूध आटवत उभी होते, तेवढ्यात लेक कपाटातून एक गोळा झालेली निळी जर्सी घेऊन आली. पाठीवर १६ आणि वर मार्नर. म्हणते, आई बुधवारी शाळेत ही घालू का, का मुलं हसतील? मी उत्तर शोधेपर्यंत दूध उतू गेलं, अख्ख्या घरात करपल्याचा वास, नवरा वरून ओरडला काय जळतंय म्हणून, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. म्हणून हा ब्लॉग. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, सांभाळून घ्या.

उद्या म्हणजे बुधवारी ८ ऑक्टोबर २०२५ ला टोरांटो मेपल लीफ्सची, म्हणजे आमच्या इथल्या आइस हॉकी टीमची, नव्या सीझनची पहिली मॅच आहे, घरच्या रिंकवर, आणि समोर माँट्रियल. आणि मिच मार्नर, त्या जर्सीवरच्या नावाचा खेळाडू, आता लीफ्समध्ये नाहीये, तो जुलैपासून लास वेगासचा झाला, आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला १.२ कोटी डॉलर. तर त्याच्या नावाची जर्सी घालून टोरांटोच्या आसपास फिरणं म्हणजे सध्या जरा धाडसाचंच काम आहे.

पुण्यातून जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं मागचं. मी मूळची खडकीची. आमच्याकडे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, विषय संपला. तो आमच्या खडकीचा, आणि आमच्या भागात प्रत्येक घरात कुणी ना कुणी त्याच्याबरोबर खेळलेला असतोच, निदान तसं सांगणारा तरी असतोच. त्यामुळे २०१२ ला टोरांटोशेजारच्या मिसिसागात आलो आणि ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं की तुला हॉकी आवडते का, तर मी छाती काढून हो म्हणलं. नंतर कळलं की इथे नुसतं हॉकी म्हणलं की ती बर्फावरचीच, आपली ती फील्ड हॉकी, तिला वेगळं आडनाव लावावं लागतं.

आम्ही तेव्हा एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, वरती पंजाबी कुटुंब. त्यातले अंकल शनिवारी संध्याकाळी टीव्हीचा आवाज एवढा मोठा ठेवायचे की खाली आमच्या भिंतीतून कॉमेंट्री ऐकू यायची, आणि ती पंजाबीत! मला आधी वाटलं कबड्डी चालू आहे. २००८ पासून इथे हॉकीची पंजाबी कॉमेंट्री होते, हरनारायण सिंग म्हणून सरदारजी आहेत, ते त्यातलं मोठं नाव, इतका वेगवान बोलतो तो माणूस की पक (बॉलच्या जागी असते ती रबरी चकती) मागे पडतो. एकदा चहाला बोलावलं अंकलनी आणि मग मी दर शनिवारी वरतीच. माझं हॉकीचं सगळं शिक्षण पंजाबीतून झालंय. स्लॅप शॉटला, म्हणजे काठीने जोरात हाणलेल्या फटक्याला, तिथे चपेड शॉट म्हणतात, चपेड म्हणजे आपली चपराक, ऐकताक्षणी आवडलं मला ते. ऑफसाइडचा नियम कळायला मात्र महिना गेला, आणि आइसिंगचा नियम मला अजून नवऱ्याला समजावून सांगता येत नाही, त्याला वाटतं ते केकचं काहीतरी आहे.

बाकी खेळ सोपा आहे हो. पाच जण आणि एक गोली म्हणजे गोलकीपर, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि दर पाऊण मिनिटाला खेळाडू बदलत राहतात कारण त्या वेगाने त्याहून जास्त वेळ कुणी टिकतच नाही. सीझनच्या शेवटी बाद फेरी असते, प्लेऑफ, त्यात एकाच टीमशी सात मॅचपर्यंत खेळायचं, चार जिंकेल तो पुढे. असे चार राउंड. म्हणजे स्टॅनली कप, लीगचा मुख्य कप, हवा असेल तर सोळा मॅच जिंकायच्या. लीफ्सना तो शेवटचा मिळाला १९६७ ला.

होय, १९६७. तेव्हा तर आठ मॅच जिंकल्या तरी कप मिळायचा, कारण लीगमध्ये टीमच मुळात सहा होत्या. २ मे १९६७ ला माँट्रियलला हरवून लीफ्सनी त्यांचा तेरावा कप जिंकला, गोलमध्ये जॉनी बॉवर आणि टेरी सॉचक असे दोन म्हातारे, बॉवर तर बेचाळीसचा. त्यानंतर एकही नाही, कप सोडा, कधी फायनलपर्यंतसुद्धा नाही. आमची आई दोन वर्षांपूर्वी इथे आली होती, तिने माझ्याबरोबर तीन मॅच बघितल्या (तिचं मत: "ही मुलं भांडायला आलीत का खेळायला?") आणि मग विचारलं की ही तुझी टीम शेवटची कधी जिंकली. मी म्हणलं, सदुसष्टला. तिने जरा आठवलं आणि म्हणाली, "अगं म्हणजे कोयनेचा भूकंप झाला ते साल. मी शाळेत होते, पहाटे फडताळातली सगळी भांडी वाजायला लागली होती." तेव्हापासून आमच्या घरात लीफ्सच्या कपाचं वय कोयनेच्या भूकंपावरून मोजतात. भूकंप डिसेंबरातला आणि कप मे महिन्यातला, म्हणजे कप भूकंपापेक्षाही जुना.

मला नक्की कधी ही बाधा झाली तेसुद्धा तारखेसकट सांगता येतं. १३ मे २०१३, सोमवार. बॉस्टनशी सातवी मॅच, बॉस्टनमध्ये. लीफ्स तेव्हा नऊ वर्षांनी प्लेऑफला पोहोचलेले, त्यामुळे अख्खं शहर वेडं झालेलं, गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे. मी वरती अंकलच्या सोफ्यावर, आंटींनी भजी तळलेली. तिसऱ्या पिरियडमध्ये लीफ्स ४-१ ने पुढे. चार-एक! मॅच संपायला चौदा-साडेचौदा मिनिटं, अंकल फोनवर कुणाला तरी अभिनंदन करत होते. मग बॉस्टनने एक टाकला, ठीक आहे म्हणलं, ४-२. मग शेवटची दीड मिनिटं उरली, त्यांनी गोली काढून सहावा खेळाडू आत घेतला, तो असा जुगार असतो की आपला गोल रिकामा सोडायचा आणि समोरच्याच्या दारात गर्दी करायची, आणि एकतीस सेकंदांत दोन गोल. दुसरा पॅट्रिस बर्जरॉनचा, ५१ सेकंद बाकी असताना. ओव्हरटाइममध्ये परत त्याच बर्जरॉनने संपवलं. अंकल काहीच बोलले नाहीत, उठले, टीव्ही बंद केला आणि भजीची ताटली तशीच आत नेऊन ठेवली. मी खाली आले तेव्हा नवरा म्हणाला, एवढं काय झालं, कोण गेलं का?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक जुने सहकारी होते, आता रिटायर झाले, ते १९६७ ला सात वर्षांचे होते. सगळं ऑफिस सुतकात आणि हे निवांत कॉफी पितायत. मी विचारलं तुम्हाला वाईट नाही वाटलं, तर म्हणाले वाटलं ना, पण मला पन्नास वर्षांची सवय आहे, तुला अजून नऊ महिने झालेत. त्यांनी मला तेव्हा बसवून सगळा इतिहास सांगितला. बिल बारिल्को म्हणून चोवीस वर्षांचा पोरगा, १९५१ ला ओव्हरटाइममध्ये गोल करून कप जिंकून दिला, आणि त्याच उन्हाळ्यात मासेमारीला गेला तो विमानासकट गायब. त्यानंतर लीफ्सना अकरा वर्षं कप नाही, १९६२ ला जिंकले, आणि त्याच वर्षी काही आठवड्यांनी जंगलात त्याच्या विमानाचे अवशेष सापडले. मी अंधश्रद्धा वगैरे मानत नाही पण हे ऐकल्यावर अंगावर काटा आला खरा. आणि हो, आपण सगळे जिथे रोज डबल-डबल कॉफी पितो ते टिम हॉर्टन्स, ते ज्याच्या नावाचं आहे तो टिम हॉर्टन याच टीमचा डिफेन्समन, चार कप जिंकलेला. इथे येऊन दहा दहा वर्षं झालेल्या आपल्या लोकांना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं टिम हॉर्टन म्हणजे कुणी बेकरीवाला असेल.

तर आता मूळ मुद्दा, मार्नर.

मिच मार्नर इथलाच. मार्कमला जन्मलेला, म्हणजे आमच्या घरापासून हायवेला ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास. लहानपणापासून लीफ्सचा फॅन, २०१५ ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, चौथ्या नंबरवर लीफ्सनीच घेतला. नऊ सीझन, ६५७ मॅच, ७४१ पॉइंट. पॉइंट म्हणजे गोल केला तरी एक आणि गोलला पास दिला तरी एक. त्यातले ५२० पासचे आहेत. माझी लेक इथल्या हाउस लीगमध्ये, म्हणजे हौशी मुलांच्या लीगमध्ये, खेळते आणि तिला तो आवडतो तो नेमका याच कारणाने, कारण ती स्वतः गोल मारत नाही, पास देते. शनिवारी सकाळी सहाला रिंक, बाहेर उणे पंधरा, मी गुडघ्यावर बसून तिच्या स्केटच्या लेस ओढतेय, बोटं सुन्न झालीयत, लेस सैल राहिली की घोटा वाकतो आणि फार आवळली तर ती रडते, आणि गाडीत त्या हॉकीच्या बॅगेचा असा वास की अंड्याची भुर्जी करून विसरल्यासारखा. अशा एका सकाळी ती म्हणाली होती, मी गोल नाही मारला तरी चालतं ना आई, मार्नरपण पासच देतो. मग २०२३ ला लीफ्सनी टॅम्पाला हरवलं, एकोणीस वर्षांनी एक राउंड जिंकला हो, एक राउंड, आणि लोक रस्त्यावर आले जसा वर्ल्ड कपच आणलाय, त्या आठवड्यात ही जर्सी घेतली. किंमत सांगत नाही, आई हा ब्लॉग वाचते.

आता लोकांचं म्हणणं काय, की मार्नर मोठ्या मॅचला गायब होतो. हे खोटं नाहीये, मी खोटं बोलणार नाही. २०१८ पासून लीफ्स सहा वेळा सातव्या मॅचमध्ये हरलेत आणि वर २०२० ला कोलंबसशी पाचपैकी पाचव्या मॅचमध्ये, आणि या सगळ्या निर्णायक मॅचमध्ये मिळून मार्नरचा एकही गोल नाही. पण जरा थांबा, पुढचं ऐका. २०१८ ची सोडली तर त्यानंतरच्या सहा निर्णायक मॅचमध्ये अख्ख्या टीमचे गोल किती? पाच. २०१९ ला एक, २०२० ला शून्य, २०२१ ला एक, २०२२ ला एक, २०२४ ला एक, आणि २०२५ ला फ्लोरिडाशी एक. सहा मॅच, पाच गोल! आणि ही कोणती टीम, जिच्यात ऑस्टन मॅथ्यूज आहे, ज्याने एका सीझनला ६९ गोल मारलेत. जिच्यात निलँडर आहे, टवारेस आहे. मग एकटा मार्नरच कसा काय गायब झाला, सगळं घरच गायब झालं की.

माझं मत विचाराल तर हा प्रश्न खेळाडूंच्या काळजाचा नाहीच, गणिताचा आहे. लीगमध्ये सॅलरी कॅप असतो, म्हणजे प्रत्येक टीमने पगारावर ठरावीक रकमेच्या वर खर्च करायचा नाही. गेल्या सीझनला तो कॅप ८ कोटी ८० लाख डॉलर होता. त्यात मॅथ्यूज १३२.५ लाख, निलँडर ११५ लाख, टवारेस ११० लाख, मार्नर १०९ लाख. बेरीज करा, साडेचार कोटीच्याही वर जाते, निम्म्याहून जास्त पैसा चार जणांत. टीममध्ये माणसं लागतात वीस-बावीस. उरलेल्या पैशात डिफेन्स आणा, गोली आणा, तिसरी चौथी लाइन, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंची फळी, भरा. म्हणजे लग्नात केटरिंगला बासुंदीवरच सगळा पैसा घालवला आणि मग वरण-भाताला माणूस उपाशी. आणि प्लेऑफ, तुम्ही बघितले असतील तर, वरण-भातावरच जिंकतात. कोपऱ्यात पक खेचून काढणारे, गोलीसमोर उभं राहून पाठीवर काठ्या खाणारे, ते लोक. आम्हाला हरवणाऱ्या फ्लोरिडाकडे तसे लोक तीन लाइन भरून होते. आता हे पगार कुणी दिले? मार्नरने स्वतःला दिले का? तो मागणारच, तुम्ही-आम्ही अप्रेझलला काय करतो. देणारे ऑफिसात बसलेले होते, आणि त्यांच्या नावाची जर्सी कुणी घेत नाही म्हणून ती बर्फावर फेकताही येत नाही.

फेकण्याचं सांगते. गेल्या सीझनला किती चांगलं चाललं होतं माहितीये. टीमचे टेबलमध्ये १०८ पॉइंट, डिव्हिजनमध्ये पहिले. पहिल्या राउंडला ओटावाला सहा मॅचमध्ये काढलं, ती सहावी मॅच १ मे ला होती, सकाळी मंडळाच्या ग्रुपवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा आणि रात्री त्याच ग्रुपवर निळी हार्ट. मग फ्लोरिडाशी पहिल्या दोन्ही मॅच जिंकल्या. दोन-शून्य! तिसऱ्या मॅचमध्येही ३-१ ने पुढे होतो, आणि ओव्हरटाइममध्ये गोल कुणी मारावा, तर ब्रॅड मार्शँडने. हा माणूस पंधरा वर्षं बॉस्टनमध्ये राहून आमच्या उरावर बसला, २०१३ ला तोच, २०१८ ला तोच, २०१९, २०२४, आणि मार्चमध्ये फ्लोरिडात गेला म्हणून आम्ही सुटलो म्हणत होतो तर तिथून परत आला. लीफ्सशी पाच सातव्या मॅच खेळला, पाचही जिंकला. मला तो अजिबात आवडत नाही आणि आमच्या टीममध्ये असता तर मी त्याच्या नावाने सत्यनारायण घातला असता.

सातवी मॅच १८ मे, रविवार, घरच्या रिंकवर. पहिला पिरियड ०-०. दुसऱ्यात फ्लोरिडाने तीन टाकले. तिसऱ्याच्या सुरुवातीला आमच्या डोमीने एक परत केला, आम्ही सोफ्यावर उभे, आणि मिनिटभरात त्यांचा चौथा. ६-१. पाचवी मॅचपण घरीच ६-१. आणि तेव्हा लोकांनी जर्स्या काढून बर्फावर फेकल्या, हुर्यो केली, आणि सगळ्यात जास्त कुणाच्या नावाने, तर मार्नरच्या. लेक शेजारी बसलेली, अंगात तीच जर्सी. ती काही बोलली नाही, फक्त उशी घेऊन पोटाशी धरली.

बरं मला हे कळतं. माणूस एवढे पैसे भरून जातो, राग येतो. पण तीनच महिने आधीची गोष्ट सांगा ना कुणीतरी या लोकांना. फेब्रुवारीत चार देशांची स्पर्धा झाली, त्या दिवसांत अमेरिका-कॅनडाचं काय वातावरण होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, एकमेकांची राष्ट्रगीतं चालू असताना हुर्यो चाललेली. फायनल बॉस्टनमध्ये, कॅनडा विरुद्ध अमेरिका, ओव्हरटाइम. अमेरिकेचा कॅप्टन कोण, आमचाच मॅथ्यूज. कॅनडाकडून मॅकडेव्हिडने गोल मारला, आणि त्याला मोकळं हेरून पास कुणी दिला? मार्नरने. त्याच स्पर्धेत पहिल्या मॅचला स्वीडनविरुद्ध ओव्हरटाइमचा गोलही त्याचाच. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक थंडीत बाहेर येऊन हॉर्न वाजवत होते, शेजारच्या आजोबांनी मला मिठी मारली, ज्यांनी तेरा वर्षांत बर्फ काढण्यापलीकडे विषय काढला नव्हता. तो मार्नर फेब्रुवारीत देशाचा लाडका आणि मे मध्ये कचरा. मग तो गेला तर गेला, त्याच्या जागी मी असते तर मीपण गेले असते, आणि वेगासला बर्फसुद्धा काढावा लागत नाही.

त्याच्या बदल्यात आम्हाला निकोलस रॉय मिळाला. चांगला खेळाडू आहे, मेहनती, वरण-भातवाला. पण ७४१ पॉइंट देऊन.

जिंकायचंच म्हणून टीम निवडायची असती तर मी २२ फेब्रुवारी २०२० लाच सोडायला हवी होती. माझी आयुष्यातली पहिली आणि आजपर्यंतची एकमेव लाइव्ह मॅच. नवऱ्याच्या ऑफिसातून दोन तिकिटं मिळालेली, पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेनने युनियन स्टेशनला गेलो, तिथून आतल्या आतच रिंकवर जाता येतं, मी निळा ड्रेस शोधून घातलेला, मजल्यांवर मजले चढून छताला चिकटलेल्या सीट. समोर कॅरोलायना. त्यांचा पहिला गोली जखमी, तो पण कोण, तोच रायमर जो २०१३ च्या त्या रात्री आमच्या गोलमध्ये होता. मग दुसरा गोली आला, तो धडकेत पडला, तोही गेला. आता काय करणार? तर तेव्हा नियम असा होता की घरच्या टीमने एक इमर्जन्सी गोली स्टँडमध्ये बसवून ठेवायचा, जो कुठल्याही टीमला लागला तर उतरेल. तो उतरला. डेव्हिड एअर्स, वय बेचाळीस, किडनी ट्रान्सप्लांट झालेला, रिंकवर झॅम्बोनी चालवणारा, म्हणजे मधल्या वेळात बर्फ गुळगुळीत करायची ती गाडी असते ना, तिचा ड्रायव्हर. आमच्याच प्रॅक्टिसला येणारा माणूस, पायाला पॅडसुद्धा आमच्या निळ्या रंगाचे. पहिले दोन शॉट आत गेले, अख्खं स्टेडियम हसतंय, नवरा म्हणतो आता दहा होतील. त्यानंतर आठ शॉट, आठही त्याने अडवले. हरलो ६-३. आमच्याच ड्रायव्हरकडून. परत येताना ट्रेनमध्ये निळ्या जर्सीतले शंभर लोक, कुणी बोलेना, आणि मग एक बाई एकदम हसायला लागली आणि मग सगळा डबा हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटतं मी खरी फॅन त्या डब्यात झाले, २०१३ ला नुसती लागण झाली होती.

मे मध्ये हरल्यावर आणखी एक गंमत झाली. ३ जूनला आरसीबी जिंकली. अठरा सीझननंतर! माझा बेंगळुरूचा मावसभाऊ दर वर्षी मला म्हणायचा की आपण दोघं एकाच बोटीत आहोत, तो उतरला बोटीतून. आणि १४ जूनला लॉर्ड्सवर साऊथ आफ्रिका टेस्ट चॅम्पियन झाली, ज्यांचं नावच चोकर्स पडलेलं. म्हणजे अकरा दिवसांत जगातल्या दोन नंबरी अभागी टीम सुटल्या आणि बोटीत आता आम्ही एकटेच. मावसभावाने व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "ताई, पुढचा नंबर तुझा." मी त्याला ब्लॉक नाही केलं, म्यूट केलंय.

यंदाचं काय? मला विचाराल तर यंदा रेग्युलर सीझनला त्रास होणार. एका सीझनचे शंभर पॉइंट खिशात घेऊन माणूस गेला की पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एखादा शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना आपला जोर, तो कोण चालवणार, मॅथ्यूजला पक कोण आणून देणार? आमचा मॅथ्यू नीज चांगला आहे, तेवीसचाही नाही अजून, धिप्पाड आहे आणि गोलीसमोर उभं राहायला घाबरत नाही, माझी आशा त्याच्यावर. टवारेसने पगार निम्म्याच्याही खाली आणून सही केली, वर्षाला साधारण ४४ लाख, याला म्हणतात घरचं माणूस, मिसिसागात जन्मलेला आहे शेवटी (लहानपणीचा लीफ्सच्या चादरीत झोपलेला फोटो त्याने टाकला होता २०१८ ला, त्या फोटोवर मी अजून भाळलेली आहे). पण प्लेऑफला पोहोचले तर ही टीम जास्त चिवट असेल असं वाटतंय. नवरा म्हणतो तू दर ऑक्टोबरला हेच लिहितेस. दर ऑक्टोबरला मी लिहीत नाही, बोलते फक्त.

तर जर्सी. रात्री दुधाचं पातेलं घासून झाल्यावर मी ती धुवायला टाकली, सकाळी हीटिंगच्या जाळीवर वाळत घातली, आणि आत्ता लेकीला घालून बघ म्हणलं. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. दोन वर्षांत पोर एवढी वाढली आणि मी शाळेतली मुलं हसतील का याचा विचार करत बसले होते. ती म्हणतेय चालेल, उद्या हीच घालणार, बाह्या वर सरकवून. नवीन तर घ्यावीच लागणार. नवरा म्हणतो निलँडरची घे, त्याचं कॉन्ट्रॅक्ट लांब आहे. लेक म्हणते नीज. मी म्हणतेय पाठ कोरी घेऊ, नाव छापायचे पैसेही वाचतील. तुम्ही कुणाची घेतलीय ते खाली लिहा, आणि वेगासच्या मॅच इथे कुठल्या चॅनलवर लागतात तेही कुणाला माहीत असेल तर सांगा, लेक विचारतेय.